माझ्याच हरकतीतली चूक

आमच्या तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली मी कित्येक वर्षं अर्ज लिहून देतो आहे. आधी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आणि एक खरखरणारा प्रिंटर आहे. फेरफार, वारसनोंद, निराधारांचं अनुदान, काहीही असो. माणूस आपलं दुखणं सांगतो आणि मी ते सरकारी भाषेत बसवतो. माझा मसुदा त्रुटी काढून परत येत नाही, असं लोक म्हणत. त्याचा मला फार अभिमान होता. लाजेची गोष्ट सांगायची तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

बायपासला लागून एक ले-आउट पडलं होतं. घर एकही नव्हतं. चुन्याने आखलेले प्लॉट आणि रंगीत कमान, एवढंच. नगरपरिषदेने ठराव केला की तिथपर्यंत सिमेंट रस्ता, नाली आणि पाण्याची लाइन सार्वजनिक निधीतून टाकायची. कारण दिलं होतं, शहराचा विकास. खरं तर प्लॉट विकणाऱ्यानेच ही कामं स्वतःच्या खर्चाने करून द्यायची असतात; मंजुरीच्या कागदात तशी अटच असते. त्याच रस्त्याच्या अलीकडे बंजाऱ्यांचा तांडा आहे. हद्दवाढीत तो गावात आला, घरटॅक्स सुरू झाला, पण नळ काही आला नाही. तिथल्या बाया अजून बायपासवरच्या हापशीवर पाणी भरत होत्या.

एका सकाळी त्यांच्यातली एक म्हातारी पाच-सहा जणींना घेऊन माझ्या टेबलाशी आली. बाजारात ती भाजी विकते. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात. गावात सगळेच तिला त्याच नावाने हाक मारतात.

"भाऊ, टॅक्स आम्ही भरून राह्यलो अन् नळ चालला त्या रिकाम्या वावरात," ती म्हणाली. "तिथं पाणी कोण पेते? चुन्याच्या रेघा?"

मी एक रुपया न घेता हरकत लिहिली. जीव ओतून लिहिली. जनतेचा निधी एका माणसाच्या धंद्याची किंमत वाढवायला का वापरावा, हा प्रश्न मी इतका नेमका मांडला की वाचून मलाच बरं वाटलं. याडीने तो अर्ज दोनदा वाचून घेतला. मग बायांनी अंगठे उठवले, एक-दोघींनी सह्या केल्या.

सुनावणीची तारीख लागली. तिला चार दिवस उरले असताना ले-आउटचा मालक माझ्याकडे आला. मी समजलो, धमकावायला आला असेल. पण तो समोरच्या स्टुलावर बसला, दोन चहा सांगितले आणि म्हणाला, "तुमच्या हातचा अर्ज पाह्यला. आमच्या वकिलालेही असा मसुदा जमत नाही. याच्यात खोट काढून दाखवा म्हणलं, तर त्याले एक सापडली नाही."

अर्ज देऊन झाल्यावर त्यातली एक उणीव मला दिसली होती. मी हसलो. "वकिलांना कुठून सापडणार?"

"म्हणजे आहे?"

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण वकिलाला न दिसलेलं आपल्याला दिसतं, हे दाखवायची अशी काही खुमखुमी आली की मी बोलून गेलो. "अंगठ्यांपुढे मालमत्ता क्रमांक नाहीत. टॅक्स पावत्याही जोडल्या नाहीत. हरकत घेणारी माणसं हद्दीतलीच आहेत, हे कागदावर कुठंच दिसत नाही."

त्याने चहा संपवला, हात जोडले आणि गेला. त्याने मला काही देऊ केलं नाही, मी मागितलंही नाही. तो गेल्यावर मी काय केलं ते मला कळलं. अजून चार दिवस हातात होते. तांड्यावर जाऊन पावत्या गोळा करून जोडता आल्या असत्या. पण गेलो असतो तर आधी का जोडल्या नाहीत, आणि आता का आठवल्या, हे सांगावं लागलं असतं. मी गेलो नाही.

सुनावणीला मुख्याधिकाऱ्यांनी कागद उलटला आणि वाचलं, "हरकतदार हद्दीतील रहिवासी असल्याचा पुरावा नाही. सबब हरकत फेटाळण्यात येते." रस्त्याबद्दल, पाण्याबद्दल एक शब्दही निघाला नाही. याडी उठून म्हणाली, "साहेब, टॅक्सच्या पावत्या घरी हायेत, आणू का?" तोवर पुढची फाइल उघडली होती.

बाहेर आल्यावर ती मलाच समजवायला लागली. "माही चूक झाली, भाऊ. पावत्या तुले आणून द्याले पायजे होत्या. तू तरी काय करशील?"

मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

हे वाक्य मला त्या चुगलीपेक्षा जास्त छळतं.

पुढे बायपासवर रोलर फिरू लागला. मी दुपारी टेबल बंद केलं आणि तांड्यावर गेलो. याडी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. उभ्यानेच मी सगळं सांगून टाकलं. तिचे हात थांबले.

"पैसे देल्ले का त्यानं?"

"नाही."

"मंग काहून सांगतलं?"

मी पायाशी घरंगळलेली एक शेंग उचलून तिच्या पुढ्यात ठेवली.

"पैसे घेतले असते तर मले समजलं असतं," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

मग मी पावत्या जोडून नवा अर्ज केला आणि यवतमाळला जाऊन जिल्हाधिकारी कार्यालयात दिला. बऱ्याच खेपा झाल्या. रस्ता आणि नाली काही थांबली नाही. ती जनतेच्याच निधीतून पूर्ण झाली आणि कमानीपाशी प्लॉटचे भाव वाढल्याचा बोर्ड लागला. पाण्याच्या लाइनला मात्र तांड्यासाठी एक जोड द्यायला जिल्हाधिकाऱ्यांनी नगरपरिषदेला लावलं. एकच नळ, दिवसाआड येणारा.

गेल्या महिन्यात याडी निराधारच्या अनुदानासाठी माझ्याकडे आली. मी अर्ज काढून वाचून दाखवला. तिने ऐकलं, कागद उचलला आणि पलीकडच्या टेबलावर बसणाऱ्या दुसऱ्या अर्ज लिहिणाऱ्याकडे गेली. त्याच्याकडून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घेतला. काही राहिलं तर नाही ना, असंही विचारलं. मग परत येऊन माझ्यासमोर बसली. मी शाईचं पॅड पुढे सरकवलं, आणि ती अंगठा उठवेपर्यंत खाली पाहत राहिलो.