ताक

एका शब्दाच्या बळावर अख्ख्या युरोपात सोयरिक जुळवता येते, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो जर्मनीत ब्राउनश्वाइगमध्ये माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहत होता. आम्ही विद्यार्थी त्यांना भाऊ म्हणायचो. नागपूरचे, धातूंचे संशोधक, पन्नाशीचे. बायको गेल्यावर दोन वर्षांनी ते इथल्या एका संस्थेत आले आणि सोबत कपड्यांपेक्षा जपून एक लाकडी रवी घेऊन आले. सुपरमार्केटचं दही प्लास्टिकच्या भांड्यात घुसळून ते रोज ताक करत, आणि भेटेल त्याला पाजत. एकदा त्यांनी प्रयोगशाळेचं दार एका डॅनिश पाहुण्यासाठी धरून ठेवलं. पाहुणा ‘ताक’ म्हणाला. भाऊंनी लगेच फ्रीजमधली बाटली काढून त्याला पेलाभर ताक दिलं. तो पुन्हा ‘ताक’ म्हणाला, यांनी पुन्हा ओतलं. डॅनिशमध्ये याचा अर्थ ‘आभार’ हे कळेपर्यंत त्या सज्जनाच्या पोटात तीन पेले गेले होते. मग भाऊंना नादच लागला. स्वीडिश मुलीने ‘आमच्यात ताक म्हणजे छप्पर’ सांगितलं, डच सहकाऱ्याने ‘फांदी’. “डोक्यावर छप्पर अन् पोटात ताक,” भाऊ म्हणाले, “माणसाला अजून काय लागते?” एवढ्या उद्योगात जर्मन तेवढं शिकायचं राहिलं. ‘जा’ म्हणजे हो आणि ‘गेनाऊ’ म्हणजे अगदी बरोबर, एवढ्यावर त्यांनी तीन हिवाळे काढले.

तळमजल्यावर एक पोलिश म्हातारी एकटी राहायची. मुलगा कोलोनला नोकरीला, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. भाऊंनी जिन्यात तिच्यापुढे पेला धरून विचारलं, “ताक?” ती म्हणाली, “ताक.” पोलिशमध्ये तो होकार होता. तोंड वाकडं करत तिने पेला संपवला, आणि दुसऱ्या दिवशी पाच वाजता स्वतःच दार उघडून उभी राहिली. पुढे रोज तासभर ते तिच्या स्वयंपाकघरात बसू लागले.

“भाऊ, तुम्ही बोलता तरी काय?” मी विचारलं.

“ती पोलिशमध्ये बोलते, मी मराठीत. मधून मधून ती ताक म्हणते. माझं सगळं ऐकून हो म्हणणारं इथं दुसरं कोण आहे मले?”

फेब्रुवारीत ती बर्फावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर तिची प्रकृती बिघडली. भाऊ इस्पितळात भेटायला गेले, तेव्हा दारातल्या नर्सने विचारलं, “तुम्ही नातेवाईक का?” भाऊ “नाइन”, म्हणजे नाही, म्हणाले. आत फक्त नातेवाइकांना सोडत होते. भाऊ तीन संध्याकाळी बाहेरच्या बाकावर बसून परत आले.

“नुसतं ‘जा’ म्हणायचं होतं, भाऊ,” मी म्हटलं.

“खोटं कसं बोलू?”

चौथ्या दिवशी ती गेली. मुलगा वाटेत होता.

आठवड्याने तो घर रिकामं करायला आला. सामान बाहेर काढायला मी आणि भाऊ गेलो होतो. भांड्यांचं खोकं बांधता बांधता तो थांबला आणि जर्मनमध्ये म्हणाला, “फोनवर आई माझ्याशी दोन वाक्यांपलीकडे बोलत नसे. शेजारीण सांगते, तुमच्यापाशी रोज तासभर बोलायची. कशाबद्दल?”

मी प्रश्न मराठीत सांगून भाऊंकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग एकही चूक न करता सावकाश जर्मनमध्ये म्हणाले, “तुमच्याबद्दल. नेहमी तुमच्याबद्दलच.”

तो खोक्यावर बसला आणि बराच वेळ उठला नाही.

जिना चढताना मी विचारलं, “भाऊ, खरंच?”

“मले काय समजत होतं त्यातलं,” ते म्हणाले. “पण अजून कशाबद्दल बोलणार होती, तूच सांग.”

ते वर गेले. त्यांच्या दाराचा आवाज यायला त्या दिवशी फार वेळ लागला.