खाली नाव कुणाचं?

बांगलादेशाची लढाई झाली, त्याच्या आदल्या वर्षी मी घर सोडलं. उंब्रजच्या फाट्यावर पुण्याची एसटी यायला उशीर होता आणि माझे वडील, आबा, माझ्या ट्रंकेवर बसून विडी ओढत होते. ट्रंक त्यांचीच, पलटणीतली. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव. मी म्हणालो, यावर माझं नाव रंगवून घ्यायला हवं होतं. आबा म्हणाले, "आदी कागदावर उमटू दे. पत्र्यावरचं मग बगू." ट्रंक टपावर चढली तेव्हा ते कंडक्टरला सांगत होते, पोरगं लिवायला चाललंय, सांभाळून उतरवा. कंडक्टरला वाटलं, मला कुठंतरी कारकुनी लागली आहे.

गावच्या शाळेत माझ्याबरोबर असलेले तुम्ही कुणी पलटणीत गेलात, कुणी सांगलीला हळदीच्या पेढीवर दिवाणजी झालात. सुट्टीवर आल्यावर 'काय करतोस' या प्रश्नाला तुमच्यापाशी उत्तर असायचं. माझ्यापाशी नसायचं. मुक्त लेखक म्हटलं की गावाच्या ध्यानात त्यातलं 'मुक्त' तेवढंच राहायचं आणि लोक आबांकडे कीव करून बघायचे.

पुण्यात मी एका छापखान्याच्या मागच्या खोलीत राहत होतो. पहाटे कथा लिहायच्या, मासिकांना पाठवायच्या, आणि 'साभार परत'चा शिक्का घेऊन त्या घरी आल्या की पुन्हा लिहायला घ्यायच्या. कथेतली माणसं आमच्यासारखी बोलली की संपादक म्हणत, फार ग्रामीण. शहरासारखी बोलली की म्हणत, खोटी. शेवटी छापखान्याचे मालक वसंतराव म्हणाले, "अरे, हात चालता ठेव. मानपत्रं लिही." ते दिवस साखर कारखान्यांचे आणि सत्कारांचे होते. कुणाची साठी, कुणाचा पुतळा, कुणाचा गौरव अंक. पुढारी वसंतरावांना निरोप धाडायचे, वसंतराव मला सांगायचे, आणि माझं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून माइकवर जायचं.

लिहायला मी तिथंच शिकलो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. पहिल्या मानपत्रात मी 'तेजस्वी', 'निःस्वार्थी' असं काय काय भरलं होतं. वसंतरावांनी सगळं खोडलं. "विशेषणाला कुणी रडत नाही. माणूस दाखव." मग मी प्रत्येक मजकूर मोठ्यानं वाचायला लागलो. दम लागणाऱ्या पुढाऱ्यासाठी वाक्य आखूड करायचं, टाळ्यांच्या जागी थांबायचं, सगळं जमत गेलं. पण खाली माझं नाव कुठंच नव्हतं.

गावी गेलो की आबांना छापलेला कागद दाखवायचो. ते चष्मा लावून सरळ शेवटच्या ओळीवर जायचे. "खाली नाव कुणाचं हाय?" मी सांगायचो, ते दुसऱ्याचं, पण लिहिलंय मी. त्यावर एकच उत्तर. "आमी बिनसहीचा हुकूम कवा मानला न्हाई बाबा." मी म्हणायचो, येत्या दिवाळी अंकात येईल. दिवाळ्या येत होत्या, जात होत्या. आबांना खोकला लागला, डोळे अधू झाले, तरी विचारणं थांबलं नाही.

सांगलीकडच्या एका बड्या पुढाऱ्याचा कार्यकर्ता वारला तेव्हा वसंतरावांमार्फत निरोप आला. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी नदीवर रक्षा सावडतात आणि मग जमलेल्यांतली मोठी माणसं उठून दोन शब्द बोलतात. ते दोन शब्द मला लिहायचे होते. मेलेल्या माणसाबद्दल मला त्याचं गाव आणि त्याची ऊसजमीन एवढंच कळवलं होतं. माणूस दाखवायचा कसा? शेवटी मी त्याला आमच्या आबांची सवय देऊन टाकली.

ताटावर बसण्याआधी आबा दारात यायचे. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायचे. कुणी वाटसरू दिसला तर हाक मारून त्याला पंगतीला घ्यायचे, आणि मगच घास मोडायचे. पलटणीत उपाशी चालणारी माणसं त्यांनी बघितली होती. मी ते चार ओळींत लिहिलं. तोवरचं माझं ते सगळ्यांत चांगलं लिखाण होतं. त्या घाटावर म्हणे कर्ती माणसं पदर आणि पटका डोळ्यांना लावून रडली.

आणीबाणी उठली त्या साली आबा गेले. आमच्या गावच्या घाटावर, कृष्णेच्या कडेला, रक्षा सावडून झाली. मी ओल्या धोतरात पायरीवर बसलो होतो. आई वरच्या अंगाला बायकांत होती. तेवढ्यात जीप थांबली आणि तोच पुढारी उतरला. निवडणुका तोंडावर होत्या, आमचं गाव फौजींचं. तो मला ओळखत नव्हता, आमचं सगळं वसंतरावांमार्फत चालायचं. त्यानं पुढं होऊन हात जोडले, आबांचं नाव एकदा बाजूच्या माणसाला विचारून घेतलं, आणि सुरुवात केली. "हा माणूस ताटावर बसण्याआधी दारात यायचा..."

एकेक शब्द माझा, थांबायच्या जागासुद्धा माझ्याच. माझ्या मागं बसलेला पाहुणा शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "ह्येंचं ह्ये ठरल्यालंच असतंय गड्या. आमच्या अण्णाच्या वक्ताला बी ह्येच म्हणलं हुतं." शेजारी म्हणाला, "व्हय, आमच्याकडं बी." दोघं गालातल्या गालात हसले. साऱ्या कृष्णाकाठावर ते वाक्य ज्या एका माणसाबद्दल खरं होतं, त्याची राख समोर होती, आणि तिथंच ते खोटं ठरलं. उठून ओरडावंसं वाटलं. पण मी काय ओरडणार होतो?

घरी आल्यावर आईनं मला जवळ बोलावलं. तिचे डोळे सुजले होते. "आरं, त्येंनी आपल्यात कवा पाणीबी प्यालं न्हाई. मग त्येंना ह्यांचं ह्ये कसं ठावं?" मी म्हणालो, कुणीतरी सांगितलं असेल. तिनं आबांचा चष्मा मिटून कोनाड्यात ठेवला. मग म्हणाली, "लय खरं बोलला बग. तुला कवा जमंल आसं?"

मी म्हणालो, जमंल.

पुढं माझ्या कथा छापून आल्या. खाली नाव माझंच. आबांवर मात्र मला लिहिता आलं नाही. बसलो की पहिलं तेच वाक्य यायचं, आणि ते मी वापरून टाकलेलं होतं. नवीन काही सुचायचं, पण त्यात आबा दिसायचे नाहीत. आज हे तुम्हाला लिहितोय तेही कथा म्हणून नाही.

घर म्हणजे आता आई. मी पुण्याहून जातो, ट्रंक ओट्यावर ठेवतो, झाकणावर अजून आबांचंच नाव आहे. ती ताट वाढते. मी बसलो की ती उठते, दारात जाते आणि रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत बघते. आबा असताना ती कधी असं करत नसे. पुढाऱ्यानं सांगितल्यापासून करते. मग आत येऊन म्हणते, "कुणी न्हाई. जेव तू."