स्पेनची एकच ओळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. २००२ च्या फेब्रुवारीत एका दुपारी मी आमच्या ऑफिसातल्या श्रेडरमध्ये एक कागद घातला. वहीतून फाडलेला, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. त्यावर स्पेनचं हवामान होतं.

तेव्हा मी मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहत होतो. इमारतींना बाहेरून लावायचा रंग बनवणाऱ्यांसाठी आमची कंपनी एक प्रोग्रॅम लिहायची. कुठल्या भागात कुठल्या आठवड्यात भिंत रंगवावी, एवढंच तो सांगायचा. भिंत ओली असली तर रंग धरत नाही, गोठणाऱ्या थंडीत लावला तर तडकतो. म्हणून प्रत्येक भागाची एक ओळ तक्त्यात भरायची: पाऊस कधी, थंडी किती, ऊन किती. अमेरिकेच्या तक्त्यात पानंच्या पानं ओळी होत्या आणि त्याचं कुणाला नवल वाटत नसे. आम्ही इथे काचेवरचा बर्फ खरवडत ऑफिस गाठायचो आणि फ्लोरिडातला माणूस फोनवर उकाड्याबद्दल कुरकुरायचा. मग स्पेनचा ग्राहक मिळाला. तक्ता भरायचं काम माझं, कारण टीमचा लीड मी.

माझ्या हाताखाली नागपूरचा एक जण होता, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. त्याची बायको तिथल्या युनिव्हर्सिटीत एमएस करत होती, दोन सेमिस्टर राहिले होते. मंदीचे दिवस होते. नोकरी गेली की व्हिसा जायचा आणि नवऱ्याचा व्हिसा गेला की तिला वर्ग सोडून भारतात परतावं लागणार, हे तोही जाणून होता आणि मीही.

मला तो आवडायचा नाही. खरं लिहायचं ठरवलंच आहे तर कारणही लिहितो. पहिल्या दिवशी मी त्याला आडनाव विचारलं. आडनावावरून उलगडा होईना म्हणून गाव विचारलं, मग वस्ती. पुढे चौदा एप्रिलला त्याने सुट्टी टाकली तेव्हा मला हवं ते उत्तर मिळालं. जेवणाच्या टेबलावर आमचा पुण्याचा कंपू बसायचा. "यांना तिकडे सगळं आयतं मिळतं यार, इथे खरी परीक्षा," असं एक जण म्हणाला तेव्हा मी हसलो. तो मागेच मायक्रोवेव्हपाशी उभा होता. डबा घेऊन आला.

"भाऊ, इथे कोणी बसून राहिलं काय?"

"'बसून राहिलं' नाही, 'बसलंय' म्हणतात," मी म्हणालो. टेबल खदखदलं. तोही हसला आणि बसला. तो बसला याचाच मला जास्त राग आला.

आणि काम तो माझ्यापेक्षा चांगलं करायचा. खरी सल ती होती.

स्पेनचा तक्ता मी पंधरा मिनिटांत भरला. दहावीच्या भूगोलात मी उत्तर घोटलं होतं: भूमध्य सागरी हवामान, उन्हाळे कोरडे, हिवाळे सौम्य व पावसाचे. तेच टाकलं, फक्त पाऊस 'हलका' धरला. अख्खा देश, एक ओळ. त्याने स्क्रीनवर बघितलं.

"भाऊ, साऱ्या स्पेनला एकच ओळ?"

"मग? केवढासा देश तो."

"महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठा आहे. अन् आपल्याला तरी एक ओळ पुरते काय? रत्नागिरी अन् नागपूर एकत्र टाकाल तुम्ही?"

"तू मला भूगोल शिकवणार आता?"

"शिकवून नाही राहिलो, सांगून राहिलो. मेल टाकू का सविस्तर?"

"नको. तुझं इंग्रजी वाचता वाचता माझं रिटायरमेंट येईल. मराठीत लिहून दे कागदावर."

मी अपमान केला होता. त्याने तो सोय म्हणून घेतला. शनिवारभर तो पब्लिक लायब्ररीत नकाशे आणि जाडजूड पुस्तकं घेऊन बसला, आणि सोमवारी कागद माझ्या टेबलावर आला. त्याचं अक्षर मोठं, शाळकरी होतं. सहा भाग केले होते. वायव्येचा गॅलिशिया: 'रत्नागिरीचा पाऊस समजा, पण थंड, आणि तो हिवाळ्यात. ऑक्टोबर ते एप्रिल भिंतीला हात लावू नये.' मधलं पठार: 'उन्हाळ्यात आमच्या नागपूरसारखं भाजतं, हिवाळ्यात रात्री गोठतं. सौम्य नाही.' आग्नेयेचा अल्मेरिया: 'माण-खटावहून कोरडा, वर्षभर रंगवा.' पूर्वेच्या किनाऱ्याला शरद ऋतूत ढगफुटीसारखा पाऊस होतो, तेही होतं. दक्षिणेतल्या सेव्हिलबद्दल लिहिलं होतं की जुलैत दुपारी रंग लावला तर ब्रशवरच वाळेल. सहावा भाग डोंगरांचा.

मी तो दोनदा वाचला. उत्तम होता. मग ड्रॉवरमध्ये टाकला आणि माझी एक ओळ तशीच पुढे पाठवली. मुदत होती, वगैरे. पण मुदतीचं कारण नव्हतं. त्याचं बरोबर आहे असं मला चारचौघांत म्हणायचं नव्हतं.

फेब्रुवारीत फोन आला. कॉन्फरन्स रूममध्ये सकाळी आठला आम्ही तिघं: आमच्या मॅनेजरबाई, मी आणि तो. स्पीकरवर गॅलिशियाचा वितरक. इंग्रजी मोडकं, संताप धडधाकट.

"तुमचा प्रोग्रॅम म्हणतो, नोव्हेंबरात रंगवा. नोव्हेंबरात आमच्याकडे छत्री वाळत नाही! चार इमारतींचा रंग गटारातून वाहून गेला!"

दुसरा आवाज पठारावरून. एका शाळेची भिंत जानेवारीत रंगवलेली, ती गोठून सोलली होती. "मुलं पापुद्रे काढून खिशात घालतात. तुमच्यापैकी कुणी नकाशा तरी पाहिलाय का?"

फोन बंद झाल्यावर मॅनेजरबाईंनी विचारलं, स्पेनचा तक्ता कुणी केला? त्या कधी आवाज चढवत नसत. मिनेसोटाची माणसं रागावली की आणखी हळू बोलतात.

"रिसर्च याचं होतं," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग त्यांना म्हणाला, "मी सहा भाग दिले होते. कागदावर, हाताने लिहून."

"तो कागद बघू?"

तो पुन्हा माझ्याकडे वळला. मी म्हणालो, "काहीतरी होता खरा. मराठीत होता. कच्चा असावा."

"उद्यापर्यंत शोधा," त्या म्हणाल्या.

त्या दुपारी मी ड्रॉवर उघडला, झेरॉक्सच्या खोलीत गेलो आणि कागद श्रेडरमध्ये घातला. ऑफिसात तो वाचू शकणारे त्याच्याशिवाय फक्त मी आणि आमचा कंपू होतो, आणि कंपू माझ्याच बाजूचा. तरीही भीती वाटली. उद्या कुणाकडून तरी भाषांतर करून घेतील, असं वाटलं. एवढा विचार करून केलं, म्हणजे ते रागाच्या भरात झालं असं मला म्हणता येत नाही.

त्याने नक्कल ठेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी आठवून आठवून सगळं इंग्रजीत टाइप करून आणलं. मॅनेजरबाईंनी ते नीट वाचलं आणि सौम्यपणे म्हणाल्या, "पण हे तर तू काल रात्री लिहिलंस." शुक्रवारी त्याला काढलं.

चारच्या सुमारास पार्किंगमध्ये तो दिसला. हातात खोका, गाडीच्या काचेवर बर्फ. मला टाळून जाता आलं असतं, पण माझी गाडी शेजारीच होती.

"भाऊ, कागद तुमच्या ड्रॉवरमध्ये होता. मागच्या महिन्यात मी पाहिला होता."

"कुठला कागद?"

 तो पहिल्यांदाच एकेरीवर आला. "तुले लाज नाही वाटत? काहून केलं असं? तिचे दोन सेमिस्टर राहिलेत. तिले काय सांगू, ते तूच सांग."

"मार्केटच खराब आहे यार," मी म्हणालो.

त्याने खोका बॉनेटवर ठेवला आणि काच खरवडायला लागला. मी गाडी सुरू करून निघालो.

त्याला दुसरं काम मिळालं नाही. एप्रिल सुरू व्हायच्या आत दोघं परत गेले, तिचं सेमिस्टर अर्धवट टाकून. त्यांचा सोफा आमच्या कंपूतल्या एकाने घेतला. गणपतीला त्याच्याकडे जायचो तेव्हा मी त्याच सोफ्यावर बसायचो. उभं राहिलो असतो तर कुणी विचारलं असतं.

स्पेन दुरुस्त करायचं काम माझ्याकडेच आलं. मी सहा ओळी भरल्या, त्याच्या कागदावरच्या, त्याच क्रमाने. नंतर तक्रार आली नाही. माझं कौतुक झालं, बढती झाली, आणि पुढे शिकागोजवळ नेपरव्हिलला घर झालं. २००८ मध्ये मॅनेजरबाई निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाच्या जेवणाला मी मुद्दाम मिनेसोटाला गेलो. त्यांना सगळं सांगायचं असं मनाशी ठरवून गेलो होतो. त्यांनी सगळ्यांपुढे माझी ओळख करून दिली: "आपलं स्पेन यानेच वाचवलं." टाळ्या वाजल्या. मी थँक्यू म्हणालो आणि केक खाल्ला.

त्याच जेवणात एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं की तो नागपुरातच नोकरी करतो आणि त्याची बायको क्लासमध्ये शिकवते. एमएस तिने पुन्हा केलं नाही. त्याचा ईमेलही त्या सहकाऱ्याने मला लिहून दिला. मी अजून काही पाठवलेलं नाही.

मॅनेजरबाईंना लेखी कळवणं माझ्याकडे बाकी आहे: एक ओळ माझी होती, सहा ओळी त्याच्या होत्या आणि कागद मी नष्ट केला. तेच पत्र, शब्द न बदलता, त्याला पाठवणं बाकी आहे. आणि त्याच्या बायकोची माफी मागणं बाकी आहे. तिचे दोन सेमिस्टर मला परत देता येणार नाहीत.