निर्गुडीच्या तेलाचं पुस्तक

धनजच्या मंजुषाबाईंना घरी औषध करायचं पुस्तक हवं होतं, ते नवऱ्याच्या गुडघ्यांपायी. सोयाबीनची सोंगणी झाली की माणिकरावांचे गुडघे असे धरायचे की सकाळी बाजेवरून उठताना भिंतीचा आधार लागायचा. बांधावर निर्गुडी माजलेली. तिचं तेल गुडघ्यांना चांगलं, हे गावात सगळ्यांना ठाऊक. पण कसं करायचं विचारलं की "टाकायचा पाला न् उकळायचं" यापुढे कोणी जाईना.

पोहरादेवीच्या यात्रेत त्यांनी एक जाडजूड पुस्तक घेतलं. मुखपृष्ठावर जटाधारी साधू, आत जगातल्या सगळ्या रोगांवर इलाज. निर्गुडीच्या पानावर एवढंच होतं : 'रस व तेल योग्य प्रमाणात घेऊन तेल सिद्ध करावे.' योग्य म्हणजे किती? सिद्ध झालं हे ओळखायचं कसं? पहिलं तेल लवकर उतरवलं, तर बाटलीत बुरशी धरली. दुसरं चुलीवर राहू दिलं, ते करपलं. घरभर असा वास सुटला की माणिकराव बाहेर ओट्यावर जाऊन जेवले.

मंजुषाबाईंनी चिडून पुस्तक फळीवर टाकलं. माणिकरावांना साखरेचाही आजार होता, त्याच्या गोळ्या रोज चालू होत्या. त्यांनी ते काढलं आणि वाचलं साखरेच्या आजाराचं पान. 'हा रस घ्या, गोळ्या कायमच्या बंद.' बायकोला न सांगता त्यांनी गोळ्या बंद केल्या. पुढे शेलूबाजारला जीपची वाट पाहता पाहता ते रस्त्याच्या कडेलाच कोसळले. दवाखान्यात सलाईन लागलं, तेव्हा कुठे बोलते झाले.

"गोळ्या काहून सोडल्या तुमी?"

"तुह्याच पुस्तकात होतं ना वं."

"म्या ते गुडघ्यासाठी आणलं होतं!" मंजुषाबाई इतक्या जोरात ओरडल्या की नर्स धावत आली.

घरी आल्यावर पुस्तक चुलीत गेलं. शेजारणी म्हणाल्या, आता नाद सोड. पण पुस्तक लबाड निघालं म्हणून निर्गुडी लबाड होत नाही, असं मंजुषाबाईंचं म्हणणं. त्या कारंजाला गेल्या.

तिथल्या पुस्तकाच्या दुकानात प्रसेनजित नावाचा तरुण बसायचा. त्याने समोर ढीग मांडला. एकात सगळी मापं तोळे-मासे. एकात गुळगुळीत कागदावर लॅव्हेंडर न् रोजमेरीचे फोटो, "हे धनजले कुठं उगते?" एकात पानोपानी लेखकाच्याच चूर्णाची जाहिरात. दुपार कलली, ढीग सरला.

"काकू, तुमाले नेमकं पायजे तरी काय?" प्रसेनजित वैतागला.

"रस किती, तेल किती, झालं हे कसं समजते, किती दिवस टिकते, अन् कोणी वापरू नाई. येवढं लिहेल पायजे."

"इतकं कोणी पाहत नाई. लोक कव्हर पाहून नेतात."

"म्हणूनच आमच्या घरी सलाईन लागलं."

प्रसेनजित उठला. मग आत जाऊन शाळेच्या गाईडांमागून एक पातळ पुस्तक घेऊन आला. चित्र नाही, कागद पिवळट. मंजुषाबाईंनी निर्गुडीचं पान काढलं. एक वाटी तेलाला चार वाट्या रस, मंद आच. तेलात भिजवलेली वात पेटवून पाहा. तडतडली तर पाणी अजून बाकी आहे. खाली ठळक ओळ : साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

उभ्या उभ्या वाचताना त्यांचे डोळे भरून आले. आनंदाने नाही, संतापाने.

"हे मांगं काहून ठेवलं?"

"खपत नाई, काकू."

त्या पुस्तकावरून केलेलं तेल पहिल्याच खेपेला साधलं. वात सरळ जळली, बाटलीत बुरशी नाही. मंजुषाबाईंनी रोज रात्री नवऱ्याचे गुडघे चोळले, आणि रोज सकाळी गोळी स्वतःच्या हाताने दिली.

"आराम वाटते का?"

"शेक दिल्यावानी वाटते. पण उठाले तरास हायेच."

पुस्तकात तेही होतं : तेलाने दुखणं थोडं हलकं होईल, झिजलेला सांधा भरून येणार नाही. माणिकरावांना ती ओळ मुळीच आवडली नाही. आवडली मंजुषाबाईंनाही नव्हती. पण त्यांनी ती एक शब्दही न गाळता नवऱ्याला वाचून दाखवली. कोणावर चिडावं ते दोघांनाही कळेना, तेव्हा मंजुषाबाईंनी तेलाची बाटली जवळ ओढली.