प्रश्नांतला दवाखाना

जमुना झोपेत इंग्रजी बोलते, हे तिच्या नवऱ्याच्या आधी मला कळलं. ती अमरावतीतल्या एका खाजगी दवाखान्यात माझ्या हाताखाली नर्स आहे आणि माझ्याच घरामागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहते. रात्रपाळी करून आली की अंगणात बाज टाकून कोवळ्या उन्हात झोपायची. मी कपडे वाळत घालत असताना बाजेवरून पुटपुटणं ऐकू यायचं, "फर्स्ट... चेक द एअरवे..." मी म्हणायचे, "अवं, झोपेत तरी पेशंटले सोड." तिला काही ऐकू जायचं नाही. ती तिकडे, तिच्या त्या दुसऱ्या दवाखान्यात गेलेली असायची.

मस्कतला नर्स म्हणून लागायचं तर आधी परवान्याची परीक्षा द्यावी लागते. परीक्षा कॉम्प्युटरवर, नागपूरला. जमुना एकदा देऊन नापास झाली होती. दुसऱ्यांदाही तसंच झालं तर यादीतून नाव कमी करतो, असं परदेशी नोकऱ्या लावणाऱ्या एजन्सीवाल्यानं सांगून टाकलं होतं. आणि पास झाली तर दोन वर्षं एकटीनं जायचं. नवरा इथं, ती तिथं.

नवरा गोपाल. वरूडला संत्र्यांच्या पॅकिंगवर असतो. हंगामात मुक्काम तिकडेच, रविवारी मोटरसायकलवर इकडे. आला की सगळ्या अंगणाला संत्र्याच्या सालीचा वास सुटतो. लग्नाला सहा वर्षं झालीत. मूलबाळ नाही. त्यावर दोन्हीकडच्या नातेवाइकांनी पोटभर बोलून घेतलं आहे, त्यात माझी भर नको.

तिला जायचं कशाला होतं? पगार कोणाला नको असतो? पण खरं कारण मला माहीत आहे. ती त्या प्रश्नांतल्या दवाखान्याच्या प्रेमात पडली होती. सरावाचे प्रश्न वाचून वाचून तो दवाखाना तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला होता. तिथं औषध कपाटातच असतं, चिठ्ठी लिहून कुणाला मेडिकलवर पळवावं लागत नाही. एका नर्सकडे चार पेशंट. प्रत्येक पलंगाला निळा पडदा. भाजी चिरता चिरता तिची सुरी थांबायची, आणि मी समजायचे की बाई आता त्या दवाखान्याच्या लांब बोळातून चालली आहे.

"ताई, तिथं लय शांत असते," ती मला म्हणाली. "मी चालते तं माह्या चपलांचा आवाज मलेच आयकू येते."

आमच्या वॉर्डात चपलांचा आवाज ऐकू यायला चार जन्म घ्यावे लागतील. एका पेशंटमागे तीन माणसं. पलंगाखाली पिशव्या, पिशव्यांवर डबे, डब्यांशेजारी कुणाची तरी आजी झोपलेली. पेशंट आला की आम्ही नाडी नंतर बघतो, आधी विचारतो, "सोबत कोन हाये?" कारण सगळं त्या सोबतच्या माणसावरच चालतं. सलाईन तोच आणणार, बाटलीवर नजर तोच ठेवणार, पाय तोच चेपणार.

आणि इथंच जमुनाचं घोडं पेंड खात होतं. परीक्षेत नेहमी विचारतात की चारपैकी आधी काय कराल. समजा, ऑपरेशन झालेल्या माणसाला धाप लागली. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करायची, की डॉक्टरला फोन, की रक्तदाब, की घरच्यांना बोलवायचं? जमुना घरच्यांना बोलवायची.

मी कपाळावर हात मारला. "काहून वो? तो धापा टाकून राह्यला आन् तू त्याचा गोतावळा जमा करून राह्यली?"

"तसं नाई ताई," ती शांतपणे म्हणाली. "पोरगा आला की बापाच्या पाठीमागं बसते, बापाले रेलून घेते. डोकं आपोआप उंच होते. आन् त्याचा जीवही थाऱ्यावर येते."

आमच्या वॉर्डात ते शंभर टक्के बरोबर होतं. वर सरकणारे पलंग आमच्याकडे दोनच, आणि त्यातल्या एकाचा दांडा गेलेला. पण परीक्षेत शून्य.

ही मेख सापडली ती गोपालला. त्याचं इंग्रजी बेताचं. रविवारी तो मोबाइलवरचे प्रश्न अडखळत मोठ्यानं वाचायचा आणि जमुना भाकरी थापत उत्तरं द्यायची. एकदा तो वाचता वाचता थांबला. "मले यातलं काई समजत नाई," तो म्हणाला, "पण एक पाह्यलं. ज्या उत्तरात फॅमिली लिहेल असते ना, ते कधीच बरोबर निघत नाई. तू दरवेळी तेच धरतं."

तेव्हापासून त्यांचा नेम ठरला. प्रश्न आला की गोपाल म्हणायचा, "पह्यले मानूस काढ." मग ती उरलेल्या तिनांतून निवडायची. म्हातारी जेवत नाही? सुनेला काढ. लेकरू रडतं? आईला काढ. महिनाभर दोघांनी मिळून त्या दवाखान्यातून एकेक माणूस बाहेर काढलं. उत्तरं बरोबर यायला लागली. गोपाल खूश व्हायचा, आणि मला मात्र त्याची कीव यायची. आपलीच बायको लांब पाठवायची तयारी हा माणूस किती मन लावून करत होता. पण नवरा-बायकोच्या मधे तिसऱ्यानं बोलू नये.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जमुना सकाळी बाजेवर उठून बसली, केस मोकळे, डोळे अजून तिकडेच. "ताई, आज तिथं हे होते," ती म्हणाली.

"कुठं?"

"त्या दवाखान्यात. आखरीच्या पलंगावर. मी पडदा सारला तं हे. म्या नाडी पाह्यली, ताप पाह्यला, सारं बराबर. म्हटलं, तुमाले झालं काय? तं म्हणे, काई नाई झालं. भेटाले येऊ देत नाईत, म्हून भरती झालो."

ती हसली. मीही हसले, पण पाणी भरायच्या निमित्तानं आत गेले.

नागपूरला आम्ही तिघं सकाळच्या बसनं गेलो. मला नेलं ते हिंमत द्यायला, आणि मी वाटभर झोपले. जमुना सेंटरच्या आत गेली, तेव्हा गोपाल समोरच्या चहाच्या टपरीवर बाकाच्या अगदी टोकाशी बसला. त्यानं चहा मागवला आणि तसाच थंड होऊ दिला. उन्हानं बाकाची अर्धी बाजू व्यापली तरी तो सरकला नाही.

ती बाहेर आली ती संथपणे, पाण्यातून चालल्यागत. निकाल तिथल्या तिथेच कळतो.

"पास," ती म्हणाली आणि आमच्या मधे बसली.

गोपालनं मान हलवली. माझ्या तोंडून शाबास निघालं. मग जमुनाच बोलायला लागली.

"एक प्रश्न होता. मानूस चालला होता, काईच उपाय उरला नव्हता. भेटाची वेळ संपून गेली होती. त्याची बायको म्हणे, मले याच्यापाशी बसू द्या. अन् आपन काय करान, असं इच्यारलं होतं."

"मंग? मानूस काढलं ना?" गोपालनं विचारलं.

"नाई काढलं."

"आपलं ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं. लय वेळ त्याच्यावरच थांबली मी. घड्याळ चालू होतं. म्हटलं, हे चुकलं तं चुकलं, नापास झाली तं झाली. पन त्या बाईले मी उठवनार नाई."

ते उत्तर बरोबरच होतं, हे मी माझ्या वीस वर्षांच्या नोकरीच्या जोरावर सांगू शकले असते. पण माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं. गोपाल रस्त्याकडे पाहत होता.

"दोन वर्सं," तो म्हणाला. आणि मग सहज विचारल्यासारखं, "तिकडं वरूडले मले काई झालं, तं माह्यापाशी कोन बसन?"

मी येईन, असं जमुना म्हणाली नाही. तिला खोटं बोलता येत नाही. तिनं फक्त भर रस्त्यात, टपरीवरच्या लोकांदेखत, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. सहा वर्षांत असं काही मी पाहिलं नव्हतं.

"मी बसीन," मी म्हटलं. "तू जाय. मी बसीन त्याच्यापाशी."

जमुनाला जायचंच होतं. तो बोळ, ते पडदे, ते सगळं तिला बघायचंच होतं, आणि त्यात काही वाईट नाही, असं मला तेव्हाही वाटत होतं. पण माझं वाक्य ऐकलं आणि तिचा बांध फुटला. माझ्या खांद्यात तोंड खुपसून ती हमसून हमसून रडली. मीही रडले. वॉर्डात कधी रडत नाही, तिथं रडले.

टपरीवाला भला माणूस. कप उचलायला आला, तो तिथंच थबकला आणि हळू आवाजात गोपालला म्हणाला, "नापास झाल्या का बाई? होते भाऊ, पुढच्या खेपेले निघते."

"नाई," गोपाल म्हणाला, "पास झाली."