पितळी वाटीचा गोल

काल चिंच लावून जुनी पितळी वाटी घासताना तिचा तो आंबट वास आला आणि आमच्या जुन्या स्नेहलतागंज मोहल्ल्यातली एक सकाळ आठवली. मध्य प्रदेश नुकताच झाला होता. वडील एका छोट्या खासगी कंपनीचं विमान चालवायचे. विमान उडालं तरच पगार. धुकं पडलं की दिवस फुकट, ताप आला तरी फुकट. वैमानिक मोजून चार, त्यांची कसली आलीय युनियन. त्या सकाळी चौघांनी आमच्या ओट्यावर, पोह्यांच्या बशा बाजूला सारून, मालकाला अर्ज लिहिला: आठवड्याला एक सुट्टी द्या आणि खोळंब्याचा दिवसही पगारात धरा. "पहिलं नाव कुणाचं, ते कळायला नको," वडील म्हणाले. म्हणून मी ही वाटी कागदावर उपडी ठेवून पेन्सिलीनं गोल काढला आणि चौघांनी त्याच्या कडेनं सह्या केल्या. दुपारीच वडील घरी परतले. मालक एवढंच म्हणाला होता, "कॅप्टन साब, शुरुआत तो आपने ही की." उड्डाणाच्या वहीत सहीशेजारी वेळ लिहायची सवय, चौघांनी अर्जावरही ती मिनिटासकट लिहिली होती. सगळ्यांत आधीची वडिलांची, सात दहा. त्यांची नोकरी गेली. उरलेल्या तिघांना पुढे रविवारची सुट्टी मिळाली. त्या दिवशी ते आमच्याच ओट्यावर पोहे खायला यायचे आणि वडील त्यांना आठवडाभर वर हवा कशी होती ते विचारायचे. वाटी पुसताना वाटलं, गोल मात्र मी अगदी नीट काढला होता.