एंगेज लाइन

नेब्रास्कातल्या वेंडेल क्रुपला दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक, टेलिफोनच्या तारेवरून चिरकत चिरकत जोडलं जाणारं त्याचं जुनं इंटरनेट. दुसरी, तिन्ही मुलांचा त्याच्यावरचा जीव. दर रविवारी चर्चनंतरच्या कॉफीला तो ऐकवायचा, "पोरं बिचारी दिवसभर नंबर फिरवतात. मी नेटवर बसलो की लाइन एंगेज. चूक माझीच." नाताळला आली की पोरंही तेच म्हणायची, "लावला होता बाबा, लागतच नाही."

शेवटी त्याच्या बायकोनं, लॉर्नानं, केबलवाल्याला बोलावून स्वस्तातलं वेगवान इंटरनेट घेतलं. पूर्वी हवामानाचा नकाशा उघडेपर्यंत वेंडेलचं अंगणातलं बर्फ काढून व्हायचं. आता तो पापणी लवायच्या आत समोर. शिवाय फोन मोकळा. मुलांना मेल गेली: "आता केव्हाही फोन करा."

त्या रविवारी वेंडेल कॉफी न घेताच घरी आला आणि फोनपाशी बसला. संध्याकाळपर्यंत त्यानं दोनदा रिसीव्हर कानाला लावून पाहिला.

"फोन चालू आहे, वेंडेल," लॉर्ना विणकामातून मान वर न करता म्हणाली. "तोच तर घोटाळा आहे."

असे चार रविवार गेले. जुनं कनेक्शन बंद करायचं त्यानं टाळलंच होतं. पाचव्या रविवारी त्यानं माळ्यावरचा मोडेम काढून तारेला जोडला, ओळखीची किरकिर ऐकली आणि मगच चर्चला गेला.

"काय सांगू," कॉफीचा कप उचलत तो म्हणाला, "पोरं आजही नंबर फिरवून दमली असतील."